गाडी स्लोला येत नव्हती

हे वाचून कुणी हसेल. कुणी म्हणेल, बाईला संशयाचा रोग आहे. म्हणू दे.

मी सांगतेय ते ऐकीव नाही. माझ्या डोळ्यांसमोर आणि माझ्या या हाताखाली घडलंय.

आणि असल्या गोष्टी फक्त रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखाद्या गुरुवारी भर दुपारी आमच्या कुरुळीला यावं. आमच्याकडे बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. प्रेस बंद, कंप्रेसर बंद, रस्त्यावर कंटेनर नाही. त्यात लाइट जाते. एरवी ज्या आवाजात आपण झोपतोसुद्धा, तो आवाज एकदम नाहीसा होतो.

मग नको ते ऐकू येतं...

माझं नाव वर्षाली. चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर कामाला आहे. माझे मिस्टर नवनाथ ट्रक चालवतात. स्वतःचा. आम्ही दोघं मूळचे औशाकडचे. कुरुळीत गोजाबाईंच्या खोलीत भाड्याने राहतो, समोरच्या मोकळ्या जागेत गाडी उभी असते. तळवड्याच्या छोट्या वर्कशॉपमधला माल चाकणच्या कंपन्यांना पोचवायचा, हे ह्यांचं काम.

गाडी जुनी आहे. नव्या गाड्यांसारखा तिच्यात कॉम्प्युटर नाही. एक पायडल, पायडलला वायर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला डिझेल पंप. पाय दाबला की वायर ओढली जाते आणि इंजिन रेस होतं. पाय काढला की इंजिन शांत धकधकत राहतं. त्याला मेकॅनिक लोक ‘स्लो’ म्हणतात.

एवढं लक्षात ठेवा. कारण सगळा घोळ तिथेच झाला.

आता दुसरी गोष्ट. मी ह्यांची दुसरी बायको आहे.

पहिली पूनम. डेंग्यूने गेली. मी तिला कधी पाहिलं नाही, पण तिच्याशिवाय माझा एक दिवस गेला नाही. गाडीच्या कपाळावर मोठ्या लाल अक्षरांत ‘पूनम’ लिहिलेलं होतं. लग्नानंतर मी ह्यांना म्हटलं, नाव बदला. हे म्हणाले, “पेंटर मिळाला की बघू.” सगळ्या चाकणमध्ये ह्यांना पेंटर मिळेना!

गोजाबाईंच्या जिभेला तर हाडच नाही. मी भांडी घासत असले की ओट्यावर येऊन बसायच्या.

“पूनम लई गुनाची पोर व्हती. सक्काळच्या पारी गाडीत जाऊन बसायची, रेस धरून. ह्यो आंघूळ करून येस्तवर ब्रेकची हवा भरल्याली असायची. तुला न्हाई व्हय येत?”

जुन्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. रात्रभर उभी राहिली की हवा उतरते. सकाळी थोडा वेळ रेस देऊन ती भरावी लागते, तोवर गाडी हलवता येत नाही. ते काम पूनम करायची. ह्यांच्या डब्यात ठेचा कसा हवा हे पूनमला माहीत होतं. ह्यांच्या शर्टाची बटणं पूनम लावायची.

ऐकून ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिवंत सवत असती तर दोन शब्द सुनावले असते, झिंज्या ओढल्या असत्या. मेलेल्या बाईशी भांडायचं कसं?

एकदा माझ्या सासूबाई, कुसुमताई, गावाहून आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी एक वस्तू काढली. चांदीच्या पत्र्याचा नखाएवढा तुकडा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई.

“पूनमचा टाक हाय माय. दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालावा लागतंय. नवं लुगडं नेसलीस तर आधी तिला दाखवायचं. मंग ती शांत राहती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“नाव गाडीवर, गुण गोजाबाईंच्या तोंडात, आता माझ्या गळ्यातही तीच? मी नाही घालणार.”

“मंग ठेवू कुठं? असा उघड्यावर ठेवत न्हाईत.”

“ठेवा त्या गाडीत! नाव तिचंच आहे ना तिथे.”

मी रागात बोलले होते. मला वाटलं, हे चिडतील, समजूत काढतील. ह्यांनी तर टाक उचलला, तसेच बाहेर गेले आणि ड्रायव्हरच्या सीटसमोर, आरशाच्या दांडीला काळ्या दोऱ्याने बांधून आले.

आल्यावर ह्यांचा चेहरा मला जरा उजळलेला वाटला. तेसुद्धा मला खुपलं.

त्याच आठवड्यात गाडी बिघडली.

ह्यांना चाकणला माल टाकायचा होता, म्हणून मला कंपनीत सोडणार होते. मी डावीकडे, क्लीनरच्या सीटवर बसले. चाकण चौकात नेहमीसारखा जाम. ह्यांनी पायडलवरचा पाय काढला...

इंजिन खाली येईना.

उलट वर चढायला लागलं. घोंऽऽऽ... शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला. ह्यांनी पायडलखाली बूट घालून ते वर उचललं, तेव्हा कुठे आवाज उतरला. बूट काढला आणि परत चढला.

“वायर अडकत असेल,” हे म्हणाले.

मी कंपनीच्या गेटवर उतरले. दार लावलं.

आणि माझ्या मागे इंजिन अलगद स्लोला आलं.

तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

तळवड्याला जयसिंग नावाचे मेकॅनिक आहेत, ह्यांचे जुने दोस्त. त्यांनी वायर बदलली. गाडी छान झाली. घरी आली, मी बसले की परत तेच. मग पायडलची स्प्रिंग बदलली. मग स्लोचा स्क्रू सेट केला. सांध्यातले बुश बदलले. शेवटी डिझेल पंप उतरवून पंपवाल्याकडे पाठवला. त्याने मशीनवर लावून बघितला आणि सांगितलं, पंपाला धाड भरलेली नाही.

दर वेळी गाडी गॅरेजमध्ये शहाण्यासारखी वागायची. हे एकटे असले की दिवसभर एक तक्रार नाही. मी चढले की घोंऽऽऽ...

“राव, हे काय वेगळंच आहे,” जयसिंग भाऊ म्हणाले. “वहिनींना घेऊनच या एकदा. बघू, वहिनींवर गाडीचा काय राग आहे ते.”

ते हसले. मीपण हसले.

गेले. दुपारची वेळ होती, गॅरेज माणसांनी भरलेलं. मी क्लीनरच्या बाजूला बसले. हे खाली जयसिंग भाऊंजवळ उभे. ड्रायव्हरची सीट रिकामी. इंजिन स्लोवर चालू होतं.

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग... हळूहळू आवाज चढायला लागला.

जयसिंग भाऊ खालून ओरडले, “आता वायर पंपापासून सोडतो! तरी रेस राहिली तर खोट पंपात. स्लोला आली तर पंप ओके, वरून कोणीतरी ओढतंय!”

त्यांनी पान्याने वायर सोडवली.

इंजिन खटकन स्लोला आलं.

मग जयसिंग भाऊंचा आवाज आला.

“वहिनी, चेष्टा नका करू. पायडलवरचा पाय काढा.”

“माझा पाय नाहीये. मी इकडे बसलेय.”

बोलता बोलता मी तिकडे पाहिलं...

पायडल पार तळाला टेकलेलं होतं.

जयसिंग भाऊ वर चढले. त्यांनीही पाहिलं. हात घालून पायडल वर ओढलं, ते सहज वर आलं. त्यांनी सोडलं, ते वरच राहिलं. सगळं बरोबर होतं. ते खाली उतरले आणि ह्यांना बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजले. वायर परत जोडून दिली. “घेऊन जा भावा,” म्हणाले. एरवी चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत, त्या दिवशी चहा विचारला नाही.

मी ह्यांच्याकडे बघत होते. माणूस घाबरेल, काही बोलेल. हे फक्त त्या टाकाकडे बघत होते.

खरं सांगू? मला आधी भीती वाटलीच नाही. राग आला. जिवंतपणी ह्या माणसाची चांगली वर्षं हिने घेतली. आता मेल्यावरही शेजारी बसू देत नाही? माझी आई म्हणते, सवत मातीची असली तरी खुपते. ही तर मातीचीसुद्धा नव्हती.

मी ठरवलं, टाक काढायचा आणि इंद्रायणीत नेऊन टाकायचा.

पुढचा गुरुवार उजाडला. गाडीचं ऑइल बदलायचं होतं. त्यासाठी इंजिन आधी गरम करावं लागतं. ह्यांनी गाडी चालू करून ठेवली आणि ऑइलचा डबा आणायला नाक्यावर गेले. गोजाबाई आत झोपलेल्या. लाइट गेलेली. आजूबाजूला सगळं सामसूम, फक्त आमच्या गाडीची धकधक.

मी पायरीवर पाय ठेवला.

रेस चढली.

“चढू दे,” मी म्हटलं आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

सीट रिकामी होती. पायडल खाली गेलेलं होतं. आरशाच्या दांडीवर टाक हलत होता, वाऱ्याचा पत्ता नसताना.

“उतर,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येईना एवढं इंजिन ओरडत होतं. “ऐकू येतं का? मेलीस ना तू? मग सोड त्यांना. आता मी आहे त्यांची बायको. मी!”

इंजिन अजून चढलं.

मी खाली वाकले. म्हटलं, आधी हे पायडल उचलते, मग टाक. हात घातला. पायडलच्या लोखंडावर माझी बोटं टेकायला हवी होती...

टेकली नाहीत.

मधे काहीतरी होतं. गार. ओलसर. हाताने चाचपलं तर आधी बोटं लागली. पायाची बोटं. आणि दुसऱ्या बोटात जाड चांदीची जोडवी.

डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. फक्त काळं पायडल आणि माझा हात.

मी हात ओढला. निघेना. त्या पायाने माझी बोटं पायडलवर दाबून धरली होती. इंजिन किंचाळत होतं, सगळी केबिन थरथरत होती. मी ओरडले असेन, पण ऐकायला होतं कोण?

आणि मग... फुस्स!

ब्रेकची हवा भरली. भरली की जास्तीची हवा अशी आवाज करून बाहेर पडते. त्याच क्षणी पायडल वर आलं, माझा हात सुटला आणि इंजिन स्लोला आलं.

काम झालं होतं तिचं. रोजचं.

मी खाली कशी उतरले ते आठवत नाही. टाक तिथेच राहिला. माझ्या बोटांवर गोल लाल वळ उठले होते.

हे डबा घेऊन आले. मी चाकाला टेकून बसलेली. ह्यांनी माझ्याकडे बघायच्या आधी केबिनमध्ये डोकावून हवेचा काटा पाहिला.

“अरे वा, हवा भरून ठेवलीस?” म्हणाले. किती दिवसांनी एवढं प्रेमाने बोलले होते! आणि ते प्रेमसुद्धा माझ्या वाट्याचं नव्हतं.

“गाडी विका,” मी म्हटलं. “ही गाडी राहील नाहीतर मी. मी औशाला निघून जाईन.”

मला वाटलं होतं, वाद होईल. ह्यांनी ऑइलचा डबा खाली ठेवला.

“बरं,” म्हणाले. “विकतो.”

एवढं सहज?

मला त्या रात्री झोप लागली नाही. जोडव्यांची आठवण होतीच, पण त्याहून जास्त ते ‘बरं’ डोक्यात फिरत होतं.

पुढच्या गुरुवारी हे सकाळीच आवरून बसले. इस्त्रीचा शर्ट. केसांना तेल. तळवड्याला एक माणूस गाडी बघायला येणार आहे, म्हणाले. गिऱ्हाईकाला गाडी दाखवायला कुणी एवढं नटतं का? डबापण नेला. मी ठेचा केला नव्हता, तर स्वतः केला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी थोडं अंतर ठेवून स्कूटीवर मागे निघाले.

हसू नका. वाटेत मी मनात देवाला म्हणत होते, एखादी बाईच निघू दे. जिवंत, हाडामांसाची. तिला कसं हाताळायचं ते मला माहीत आहे.

तळवड्याला बंद शेडच्या मागे एक गल्ली आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे कुत्रंसुद्धा नसतं. एका कडुलिंबाखाली आमची गाडी उभी होती. गिऱ्हाईक नव्हतं. कुणीच नव्हतं.

इंजिन चालू होतं.

स्लोवर. इतक्या सुंदर स्लोवर मी ते कधी ऐकलं नव्हतं. जयसिंग भाऊंनी एवढे दिवस जो आवाज बसवायचा प्रयत्न केला, तो तिथे आपोआप बसला होता.

हे क्लीनरच्या बाजूला बसले होते. मांडी घालून, मांडीवर डबा. ड्रायव्हरच्या सीटकडे तोंड करून बोलत होते. आणि हसत होते. खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लग्न झाल्यापासून ह्यांना असं हसताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

मी स्कूटी लावली आणि गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेले. काच खाली होती.

सीटवर कुणी नव्हतं. सीटच्या कडेला भाकरीचा चतकोर आणि त्यावर ठेचा ठेवलेला होता.

मी अजून एक पाऊल पुढे टाकलं...

रेस चढायला लागली.

हे दचकले नाहीत. बाहेरही बघितलं नाही. रिकाम्या सीटकडे बघूनच, लहान मुलीला समजवावं तसं म्हणाले, “असू दे गं. येऊ दे तिला. तीपण आपलीच आहे.”

थोडा वेळ इंजिन तसंच गुरगुरत राहिलं.

मग... हळूहळू... स्लोला आलं.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. वायर बदलताना, स्प्रिंग बदलताना, पंप उतरवताना हा माणूस नुसता गंमत बघत उभा होता. दुरुस्ती नुसती माझ्या समाधानासाठी!

आता ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं नाही. शांतपणे डबा उचलला आणि सरकून मधल्या जागेवर बसले. तिच्या बाजूला. क्लीनरकडचं दार आतून ढकलून उघडलं.

“ये वर्षाली. कडेला जागा आहे.”

कडेला!

पळून जायला स्कूटी मागेच उभी होती. कुठलीही शहाणी बाई पळाली असती.

मी फिरून पलीकडे गेले. वर चढले. दार लावून घेतलं.

गाडी विकायचा विषय परत निघाला नाही. मीही काढला नाही. आता दर गुरुवारी आम्ही जातो. हे मधे बसतात, मी कडेला. मी ह्यांचा डावा हात घट्ट धरून ठेवते. उजव्या हाताकडे बघत नाही. तो हात सीटवर उताणा पडलेला असतो, आणि त्याची बोटं कधीकधी आपोआप मिटतात.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती रडली. म्हणाली, बाई, आहे तशी निघून ये.

कशी येऊ?

मी निघून आले, की त्या केबिनमध्ये ती दोघंच उरतील.